दुधाचा खाडा आणि शाळेचा खाडा

बाई, नमस्कार.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापुरापासून वडापानं (शेअर जीपनं) अर्धा तास. घरी म्हशी आहेत. थोडं दूध संस्थेला जातं, थोडं शहरात रतिबाला. मुलगा पाचवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, हुशार म्हणत होते. यंदा सहावीला शहरातल्या हायस्कूलला सेमी-इंग्रजीत घातला. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गशिक्षकांनी बोलावून कागद हातात दिला. 104 दिवस शाळा भरली, त्यात हा 27 दिवस गैरहजर. मला घामच फुटला. घरी येऊन आठवून आठवून लिहिलं : पावसापाण्यात रस्ता बंद 4, ताप 4, पाहुण्यांची कार्यं 3, सण-जत्रा 3, रोपलावण 3, वडाप चुकली 2 आणि पोट दुखतंय म्हणून 8. पोटाचं गणपतीनंतर सुरू झालंय, जास्त करून सोमवारी. दहा वाजून गेले की दुखायचं थांबतं, मग गोठ्यात खेळतो. मी रागावते, एकदा मारलंही. सासूबाई म्हणतात, ‘येका दिवसानं काय कलेक्टर व्हायचा ऱ्हातोय व्हय त्यो?’ मिस्टर म्हणतात, ‘मी नववीतनं शाळा सोडली, माझं काय अडलं? आणि आठवीपर्यंत नापास करत न्हाईत.’ घरात मी एकटीच ओरडणारी. मुलाला शाळेची गोडी कशी लावू? मोठी मुलगी नववीला आहे, तिची काही तक्रार नाही, महिन्याचे तीन-चार दिवस घरी असते तेवढंच.

– एक आई, करवीर तालुका

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हिशेब. 32 वर्षं मी वर्गात हजेरी घेतली. ‘तो फार दांड्या मारतो हो’ म्हणत रडणाऱ्या आया मला शेकड्यानं भेटल्या. कागदावर सात खाती पाडून आलेली आई मात्र आठवत नाही. तुम्ही अर्धं काम केलंय. उरलेलं अर्धं म्हणजे तो कागद नीट वाचायचा. माझ्या मते तुम्ही तो घाबरून वाचलाय, म्हणून त्यातलं मुख्य दिसलं नाही.

तुमच्या घरचा रतीब शहरात जातो. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं आणि ज्या दिवशी दूध आलं नाही त्या चौकोनात ‘खाडा’ लिहिलेला असतो. महिनाअखेरीला अर्ध्या लिटरवरून केवढी हुज्जत होते, ते तुमच्या मिस्टरांना विचारा. गिऱ्हाईक सांगतं पाच खाडे, आपण म्हणतो तीनच. आणि प्रत्येक खाड्याला कारण असतं. म्हैस आटली, पोरगा आजारी पडला, गाडी पंक्चर झाली. कारण असलं तरी खाडा तो खाडाच, पैसे कापले जातात. शाळेच्या खाड्याचे पैसे कुणी कापत नाही, म्हणून तो कॅलेंडरवर चढत नाही. एवढाच काय तो फरक.

आता तुमचे 27 परत मांडू या. पाऊस 4 आणि ताप 4 हे आठ सोडून द्या. रस्त्यावर पाणी असताना पोराला घालवायचं नाही आणि अंगात ताप असताना तर नाहीच. राहिले 19. त्यात कार्यं, सण आणि रोपलावण मिळून 9. पोटाचे 8. वडापचे 2 निम्मे तुमचे, निम्मे त्याचे समजू.

म्हणजे पोरानं मागितलेले खाडे 8, आणि मोठ्या माणसांनी त्याला न मागता दिलेले 9.

आणखी एक बघा. तारखांचा क्रम लावा. बेंदूर (बैलांचा सण), लावण, पाऊस, साखरपुडे हे सगळं जून-जुलै-ऑगस्टमधलं. पोट दुखायला लागलं गणपतीनंतर. आधी आपण त्याला घरी ठेवलं, मग तो घरी राहायला लागला. तुम्ही मला विचारताय, गोडी कशी लावू. मी विचारते, ती उतरली कधी आणि कशानं?

मला जे दिसतं ते सांगते. पोरगं पाच वर्षं मराठीतून शिकलं. अंश-छेद त्याला पाठ. लसावि-मसावि म्हटलं की त्याला कळत होतं. सेमीत आल्यावर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आकडे तेच, रीत तीच, फक्त छेदाचा डिनॉमिनेटर झाला आणि लसाविचा एलसीएम. ही नवी नावं मास्तर कधी सांगतात? जूनच्या शेवटी, जुलैमध्ये. एकदा सांगतात, फळ्यावर लिहितात, पुढं रोज तीच वापरतात. आणि नेमका तेव्हा तुमचा पोरगा गुडघाभर चिखलात रोपं लावत होता. तीन दिवसांची लावण, दोन दिवसांचा पाऊस, एक साखरपुडा. परत आला तेव्हा वर्ग ज्या शब्दांत बोलत होता ते शब्द त्याच्याकडं नव्हते.

शाळा बुडाल्याचं नुकसान त्या दिवशी होत नाही, दुसऱ्या दिवशी होतं. त्या दिवशी मजाच असते. दुसऱ्या दिवशी वही अर्धी कोरी. गृहपाठ काय होता ते माहीत नाही. शेजारच्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘तू नव्हतास लेका.’ बाकावरची जागा बदललेली, डबा खायला बसणाऱ्यांचं कोंडाळं पुरं झालेलं. मास्तरांनी नाव घेऊन प्रश्न विचारला तर? त्यापेक्षा मान खाली घातलेली बरी. गावच्या शाळेत हुशार म्हणून मिरवलेल्या पोराला हे फार लागतं. ढ पोरं निगरगट्ट होतात (हा शब्द मी वर्गात कधी वापरला नाही, पण तुम्हाला कळावा म्हणून वापरते), हुशार पोरांना मान खाली घालायची सवय नसते. मग रविवारी संध्याकाळी पोटात कालवायला लागतं.

आणि पोट खरंच दुखतं, ताई. तो नाटक करत नाही. धास्तीनं आतडी आवळतात, मळमळतं, संडासला लागल्यासारखं होतं. परीक्षेच्या सकाळी तुमचंही होत असेल. दहा वाजता वडाप निघून गेली की धास्ती गेली आणि धास्तीबरोबर दुखणंही गेलं. तुम्ही त्याला खोटारडा समजून मारलंत, त्याला स्वतःलाच कळत नाही आपल्याला काय होतंय ते. झालं ते झालं. परत हात उगारू नका आणि ‘बघ, आता कसं थांबलं’ असा टोमणाही मारू नका.

तरीही सगळ्यात आधी डॉक्टर. मी मास्तरीण आहे, वैद्य नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, संडासवाटे रक्त, सारख्या उलट्या, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. नसलं तरी एकदा दाखवाच. जंताची गोळी शाळेत देतात, ती दिली त्या दिवशी हा हजर होता का तेही बघा. आणि डोळे तपासून घ्या. गावच्या शाळेत वीस पोरं, फळा हातभर लांब. हायस्कूलला सत्तर पोरं आणि हा नवीन म्हणून मागच्या बाकावर. फळा न दिसणारी मुलं घरी सांगत नाहीत, कारण सगळ्यांनाच असं धुरकट दिसतं असं त्यांना वाटतं.

डॉक्टर म्हणाले पोट ठीक आहे, तर मग सोमवारचं कोडं सोडवायचं. इथं मला माझी एक चूक सांगावीशी वाटते.

माझ्या वर्गात सातवीला एक मुलगी होती. सोमवार ते शुक्रवार कधी चुकायची नाही, शनिवारी मात्र एक आड एक गैरहजर. शनिवारी सकाळची शाळा, कवायत आणि पांढरा ड्रेस सक्तीचा. दोन-तीनदा समजावलं, मग एकदा भर वर्गात म्हटलं, ‘काय गं, दर शनिवारी लग्न असतं होय घरात?’ वर्ग हसला. ती पण हसली. मार्चमध्ये स्टाफरूमला बसून आम्ही हजेरीची सरासरी काढत होतो. शेजारच्या बाईंचा पाचवीचा हजेरीपट माझ्या पटाला लागून उघडा पडलेला. त्यातही एका नावापुढं शनिवारी एक आड एक गैरहजेरी. आडनाव तेच. ही ज्या शनिवारी हजर, ती त्या शनिवारी नाही. दोघी बहिणींत पांढरा ड्रेस एक होता. मोठीला आखूड व्हायचा, धाकटीला ढगळ. जून ते मार्च दोघींनी पाळी लावून शाळा केली आणि दोघींच्या दोन बाई त्यांना आळशी म्हणत होत्या.

ड्रेसची सोय आम्ही दुसऱ्याच आठवड्यात केली. माफी मात्र मागायची राहिली.

तेव्हापासून मी कारण विचारायच्या आधी वार बघायला लागले. तुमच्या पोराचा सोमवार का? सोमवारी पहिला तास कुठला? वेळापत्रक वहीच्या पुठ्ठ्याआड चिकटवलेलं असेल, काढून बघा. पहिलाच तास गणिताचा असेल तर माझी शंका खरी. शनिवार-रविवारसाठी दिलेला गृहपाठ सोमवारी तपासतात, तेही असेल. वडापमध्ये कुणी मोठी पोरं छळत असतील, टिफिन काढून घेत असतील, ‘खेडवळ’ म्हणत असतील. शाळेच्या मुतारीत जायची त्याला किळस वाटत असेल आणि दिवसभर दाबून धरत असेल. असल्या गोष्टी पोरं समोर बसवून विचारल्या तर सांगत नाहीत. बापामागं गाडीवर बसून रतिबाला जाताना सांगतात. तोंड दिसत नाही ना, म्हणून. तेव्हा हे काम मिस्टरांवर सोपवा. विचारायचं मात्र हळू : सोमवारी पहिल्या तासाला कोण असतंय रे? एवढंच. पुढचं तो बोलेल किंवा पुढच्या सोमवारी बोलेल.

सुट्टीनंतर शाळा उघडली की वर्गशिक्षकांना भेटा, पण शाळा सुटताना दारात नको. तिथं चाळीस पालक असतात आणि मास्तरांची बस निघायची असते. चिठ्ठी देऊन वेळ घ्या. त्यांना तीन गोष्टी मागा. पोराला पुढच्या बाकावर, वही पूर्ण ठेवणाऱ्या मुलाशेजारी बसवा. महिनाभर वर्गासमोर नाव घेऊन प्रश्न विचारू नका, बाकापाशी येऊन विचारा. आणि जूनपासूनचे नेमके कोणते धडे त्याचे सुटलेत त्याची यादी द्या. चांगले मास्तर या तिन्ही गोष्टी करतात, त्यांना कुणी मागत नाही म्हणून राहून जातं.

सुटलेलं भरून काढायला लगेच महागडी ट्यूशन लावायच्या भानगडीत पडू नका. दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारा, डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी. अंश–न्यूमरेटर, छेद–डिनॉमिनेटर, गुणोत्तर–रेशो, शेकडेवारी–पर्सेंटेज. चाळीस-पन्नास शब्द झाले की सहावीचं गणित निम्मं सुटतं. सुट्टीतच करा, रोज पाच. आणि शेकडेवारीसाठी बापापेक्षा चांगला मास्तर मिळायचा नाही. संस्थेत दुधाला फॅट लावतात ती शेकडेवारीच. 6.8 फॅट म्हणजे 100 किलो दुधात 6.8 किलो स्निग्धांश. रोजची पावती पोराच्या हातात द्या आणि दहा दिवसांची सरासरी त्याच्याकडून काढून घ्या. पावतीत चूक सापडली तर घरात त्याची किंमत वाढेल, ते वेगळंच.

एवढं करूनही डिसेंबरअखेर गाडी रुळावर आली नाही तर शाळेला विचारून त्याला मराठी माध्यमाच्या तुकडीत बसवा. सेमी म्हणजे काही अंबाबाईचा प्रसाद नव्हे. मी मराठी माध्यमातली इंजिनिअर झालेली पोरं पाहिलीत आणि सेमीत घुसमटून आठवीला शाळेतून उठलेली पण पाहिलीत.

आता घरातल्या मोठ्या माणसांकडं वळते. सासूबाईंचं वाक्य मला आवडलं. एका दिवसानं कलेक्टर व्हायचा राहत नाही, हे खरंच आहे. पण एकेक करून 27 झाले ना. पुराच्या वेळी तुम्ही सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडं कान लावून बसता. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. पाणी एका रात्रीत 43 ला जात नाही, इंच-इंच चढतं. आणि नदीकाठचा शहाणा माणूस 43 ची वाट बघत नाही, 39 लाच जनावरं सोडून वर नेतो. शाळेच्या हजेरीचंही तसंच धरा. शंभरात दहा दिवस बुडाले की इशारा. दहावीच्या परीक्षेला बोर्ड 75 टक्के हजेरी मागतं, तर तो धोका. तुमचा पोरगा 104 पैकी 77 दिवस हजर, म्हणजे 74 टक्के. सहावीला म्हणून त्याला बोर्डाचा नियम लागत नाही, पण पाणी कुठं आलंय ते सासूबाईंना या भाषेत सांगा. 2019 आणि 2021 चे पूर बघितलेल्या बाईला ते दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

मिस्टरांचे दोन मुद्दे आहेत. आठवीपर्यंत नापास करत नाहीत, हे आता तितकंसं खरं नाही. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात नापास झाला तर फेरपरीक्षा आणि तीही गेली तर त्याच वर्गात. तुमच्या पोराची आठवी दोन वर्षांवर आलीय. ‘मी नववीतून सोडली, काय अडलं’ या वाक्यावर मात्र वाद घालू नका. त्या माणसानं कष्टानं धंदा उभा केलाय, त्याला अडाणी ठरवलंत तर तो पोराच्या बाजूनं उभा राहील, शाळेच्या नव्हे. उलट विचारा, की बँकेच्या कर्जाचा फॉर्म भरायला, ऑनलाइन पीकपाहणी करायला तुम्ही कुणाला हाक मारता? तुमच्या पत्रावरून वाटतं, तुम्हालाच मारत असतील.

आणि त्यांना शाहू महाराजांची गोष्ट सांगा. शाहू जयंतीला आपण मिरवणूक काढतो, दसरा चौकात पुतळ्याला हार घालतो, पण 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढताना महाराजांनी काय केलं ते विसरतो. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. त्या काळचा 1 रुपया, शेतकऱ्याच्या घरात. दंड पोराला नाही, बापाला. महाराजांना ठाऊक होतं, सहा-सात वर्षांचं पोर स्वतःहून शाळा सोडत नाही, त्याला गुरं राखायला कुणीतरी पाठवतं. आजच्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकाला दंड नाही. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शिकायची संधी देणं हे पालकांचं कर्तव्य आहे, एवढं आपल्या राज्यघटनेत 2002 च्या दुरुस्तीनं लिहून ठेवलंय. मला विचाराल तर रुपयाचा दंड जास्त कामाचा होता. तुमच्या घरी लावून बघा. ज्या मोठ्या माणसाच्या कामासाठी शाळा बुडेल त्यानं डब्यात शंभर रुपये टाकायचे.

रोपलावणीला माणसं मिळत नाहीत, मला कळतं. आमच्याही घरी शेत आहे. पण रविवारी लावा, शनिवारी दुपारनंतर लावा, पैरा करा (आज आपण त्यांच्या रानात, उद्या ते आपल्या). दिवाळी झाली की तुमच्या बांधाला बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतील. खोपटाबाहेर शाळेच्या वयाची पोरं धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली दिसतील. ती चार-पाच महिने शाळेबाहेर असतात, कारण आईबापांच्या हातात कोयता आणि अंगावर मुकादमाची उचल असते. त्यांच्यासाठी गावाकडं हंगामी वसतिगृहं आहेत, कारखान्यांवर साखरशाळांचे प्रयोग झाले, तरी पोरं निसटतातच. त्यांच्यापुढं इलाज नाही. तुमच्यापुढं आहे.

सण-जत्रांच्या मी विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. बेंदराला बैल रंगवायला पोरगं घरी नसेल तर तो बेंदूर कसला? ठेवा त्याला घरी. जोतिबाचे खेटे (वाऱ्या) तर देवानंच रविवारी ठेवलेत. वर्षाला पाच खाडे त्याच्या नावावर मांडून टाका, जूनमध्येच. कुठं खर्च करायचे ते त्यानं ठरवायचं. पाहुण्यांच्या साखरपुड्याला जायचं का बेंदूर, हे त्यालाच निवडू द्या. माझा अनुभव असा, की पोरं आपल्या हातातले खाडे कंजुषासारखे वापरतात.

दुखण्याच्या दिवसाचं मात्र शिस्तीनं करा. ताप असेल, तर औषध न देता पूर्ण एक दिवस ताप राहिला नाही की शाळेत. उलट्या-जुलाब थांबून एक-दोन दिवस झाले की शाळेत. डोळे आले, कांजिण्या आल्या तर डॉक्टर सांगतील तोवर घरी, कारण बाकीच्यांना लागण होते. नुसती सर्दी, थोडा खोकला असेल तर रुमाल द्या आणि पाठवा. आणि घरी राहिला तर आजारी माणसासारखा राहू दे. अंथरूण, मऊ भात, पुस्तक. मोबाईल नाही, गोठा नाही, आज्जीबरोबर बाजार नाही. तुमच्याकडं पोटदुखीचा दिवस म्हशीच्या पाठीवर संपतो. मी सहावीत असते तर माझंही पोट दुखलं असतं.

त्याचा सोमवार सुरुवातीला निम्माच मागितला तरी चालेल. ‘दुखतंय ना? चल, मी शाळेपर्यंत येते. दुपारच्या सुट्टीपर्यंत बस, तेव्हाही दुखलं तर मास्तर मला फोन करतील.’ मास्तरांशी हे आधी ठरवून ठेवा. बहुतेक वेळा फोन येत नाही. घरी ठेवलेला प्रत्येक सोमवार पुढच्या सोमवारची धास्ती वाढवतो, म्हणून रडत का होईना, उंबरा ओलांडणं महत्त्वाचं. चार-पाच आठवडे करूनही तो थरथरत असेल, रात्री झोपत नसेल, तर बालमानसतज्ज्ञाला दाखवायला लाजू नका. वेड लागलं म्हणून तिथं जात नाहीत.

इथपर्यंत तुम्ही विचारलेल्याचं उत्तर झालं. आता न विचारलेलं.

पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही मुलीचं लिहिलंत. ‘तिची काही तक्रार नाही, महिन्याचे तीन-चार दिवस घरी असते तेवढंच.’ ही ओळ मी तीनदा वाचली. मुलाचे 27 दिवस तुम्ही खाती पाडून लिहिलेत. मुलीचे मोजलेच नाहीत. महिन्याला साडेतीन धरले तर दहा महिन्यांत 35 होतात. आणि पाळीचं हे कारण पुढच्या वर्षी दहावीतही असणार आहे. लावणीच्या तीन दिवसांत मुलगा शेतात होता, तेव्हा घरी स्वयंपाक कोण करत होतं, हेही एकदा आठवून बघा. कदाचित मी चुकत असेन.

पाळीच्या दिवसांत ती का घरी राहते, हे तिलाच विचारा, आणि हे काम मिस्टरांचं नाही, तुमचं. दुखतं म्हणून? गरम पाण्याच्या पिशवीनं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं बहुतेक मुली उभ्या राहतात. दर महिन्याला उभं राहवत नाही इतकं दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा, ‘लग्न झाल्यावर थांबतं’ हे ऐकून घेऊ नका. डाग पडायची भीती? दप्तरात एक जादा पॅड, जादा चड्डी आणि काळी पिशवी कायमची ठेवा. घरात शिवाशिव पाळता म्हणून कोपऱ्यात बसवता? ते तुमच्या घरचं आहे, पण शाळेत ती कुणाला शिवत नाही. की शाळेच्या संडासाला कडी नाही, बादलीत पाणी नाही? मला सगळ्यात जास्त संशय याचा आहे. असंख्य मुली दिवसभर पाणी न पिता शाळा करतात, मी शिक्षिका असून तशी केलीय.

संडासाची तक्रार एकट्या आईनं केली तर हसण्यावारी नेतात. चार आया मिळून जा. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह ही शाळेची मेहरबानी नाही, शिक्षण हक्क कायद्यात ते लिहिलेलं आहे. त्याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायला हव्यात. बऱ्याच ठिकाणी त्या निम्म्या बायका फक्त सहीपुरत्या असतात. 27 दिवसांची सात खाती पाडणारी बाई तिथं बसली तर फरक पडेल, असं मला वाटतं.

गिऱ्हाइकाकडं असतं तसलं मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर आणा आणि चुलीजवळच्या भिंतीला लावा. मुलाचा खाडा निळ्या पेननं, मुलीचा लाल पेननं, आणि शेजारी एका शब्दात कारण : पोट, पाहुणे, पाऊस, शेत, पाळी. लिहायचं काम सासूबाईंना द्या. लिहिता येत नसेल तर पोरगं कारण लिहील, त्यांनी नुसती फुली मारावी. चार आठवडे झाले की कॅलेंडरचा फोटो काढून मला पाठवा, आणि सोबत डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, कलेक्टरचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.